मदत हवी आहे: कॉल गाडीत, गाणी मात्र फोनमधूनच

अँड्रॉइड फोन स्टिरिओला जोडला की कॉल गाडीच्या स्पीकरवर येतात, गाणी मात्र फोनमधूनच वाजतात. ब्लूटूथ सेटिंगमध्ये 'मीडिया ऑडिओ' बंद करून पुन्हा चालू केलं की गाणीही येतात. इग्निशन बंद-चालू केली की पुन्हा तेच. म्हणजे ब्लूटूथचं कॉलसाठीचं प्रोफाइल (एचएफपी) जोडलं जातंय, गाण्यांसाठीचं (एटूडीपी) राहून जातंय. कसारा घाटात हे कोण करत बसणार!

दोन्हीकडचं पेअरिंग काढून नव्याने केलं, स्टिरिओतले जुने फोनही उडवले. दुसरा फोन याच स्टिरिओवर व्यवस्थित चालतो. आता डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एव्हीआरसीपी (स्टिरिओवरून गाणी पुढे-मागे करायचं ब्लूटूथ प्रोफाइल) 1.4 व्हर्जनवर आणून उपयोग होईल का? की स्टिरिओचं फर्मवेअरच (आतलं सॉफ्टवेअर) बदलावं लागेल? नाशकात द्वारका, मुंबई नाक्याकडे पेन ड्राइव्हवरून ते करून देणारं कोणी आहे का? नवीन स्टिरिओ घ्या, हा सल्ला कृपया नको.