आठ इंची टॅब घ्यायचा, की पैसे साठवून मोठाच घ्यायचा?

विश्रामबागी (धागाकर्ता):

टॅब घ्यायचाय म्हटलं की सांगलीत ज्याला विचाराल तो एकच सल्ला देतो, "अजून सहा-सात हजार घाला आणि मोठाच घ्या." माझं मत उलटं आहे. ते इथे मांडतो, मग खुशाल फोडून काढा.

बोलणं हवेत नको म्हणून एकच जोडी समोर ठेवू. सॅमसंगचे ए९ आणि ए९ प्लस, दोन्ही २०२३ चे. धाकट्याची स्क्रीन ८.७ इंच, १३४० बाय ८०० पिक्सेल, बॅटरी ५१०० एमएएच. थोरल्याची ११ इंच, १९२० बाय १२००, बॅटरी ७०४०. कागदावर धाकटा हरतो, त्यात वाद नाही. पण वजन बघा: ३३२ ग्रॅम आणि ४८० ग्रॅम.

मला टॅब दोनच कामांना हवाय. पहिलं म्हणजे जुनी मराठी पुस्तकं, जी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळतात. हिशेब केला तर ८.७ इंची स्क्रीन उभी धरल्यावर ११.३ सेंमी रुंद आणि १९ सेंमी उंच भरते. आपली जुनी क्राउन आकाराची पुस्तकं साधारण १२ बाय १८ सेंमीची. समास कापून टाकले की अक्षर छापील पुस्तकाएवढंच दिसतं. ११ इंचीवर तेच पान फुगवून वाचण्यासाठी मी जादा पैसे का मोजू?

दुसरं काम नाटकाचं. आमची हौशी संस्था आहे आणि प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून नटांना संवाद सुचवणं, बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात येतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये आपल्या सांगलीत पहिला खेळ केला तेव्हा पदं सूत्रधार गाई आणि संवाद नट आपल्या मनानेच बोलत, त्यामुळे प्रॉम्प्टरची भानगड नव्हती. आता आहे. विंगेत उभं राहून डाव्या हातात संहिता, उजव्या हातात टॉर्च, पान उलटायला तिसरा हात कुठून आणायचा? शिवाय कागद वाजतो, पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जातो. लहान टॅबवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, उजेड अगदी खाली, आणि पान अंगठ्याने सरकतं. हे काम ११ इंचीवर दोन तास करून दाखवा, मनगट बोलेल.

तेव्हा माझा सवाल: ज्याला नेमकं काम ठाऊक आहे, त्याने लहान आणि कमी ताकदीचा टॅब का घेऊ नये?

भडंग:

दादा, आठ इंची टॅब म्हणजे मोठा फोनच की. हातात ६.७ इंची फोन असताना दोन इंचांसाठी बारा-तेरा हजार? त्यात बायकोला शेगडी येईल.

विश्रामबागी:

इंच कर्णावर मोजतात, तिथेच सगळे फसतात. ६.७ इंची फोनची स्क्रीन जेमतेम ७ सेंमी रुंद आणि साडेपंधरा सेंमी उंच. म्हणजे सुमारे १०८ चौरस सेंमी. ८.७ इंचीची २१४. सरळ दुप्पट. फोन हल्ली लांबीने वाढलेत, रुंदीने नाही, आणि वाचायला रुंदी लागते. शेगडीचं घरच्यांशी बोलून घ्या.

कुपवाड रिपेअर:

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा टेबलावर जे येतं त्यावरून बोलतो. धागाकर्त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्यात. "लहान" आणि "कमी ताकदीचा". लहान असण्यावर माझा काही आक्षेप नाही. कमी ताकदीवर आहे, आणि जोरदार आहे.

लोक टॅब घेऊन येतात ते फुटलेल्या काचेसाठी किंवा "लई अडकतोय ओ" म्हणून. दुसऱ्या तक्रारीत मी काही बदलू शकत नाही. रॅम, म्हणजे चालू ॲप्स धरून ठेवणारी मेमरी, बोर्डावर झाळलेली असते, स्टोरेजही तसंच. ४ जीबी रॅममधला मोठा वाटा अँड्रॉइड स्वतःच खातं. उरलेल्यात ब्राउझर, व्हॉट्सॲप आणि एखादी जड पीडीएफ उघडली की मागचं ॲप बंद पडतं. परत गेलात की ते पहिल्यापासून सुरू होतं. विंगेत उभं असताना एक फोन आला, तुम्ही तो कापला, आणि संहिता पहिल्या पानावर गेली तर? नायिका तिकडे तुमच्याकडे बघत उभी.

त्यात तुमच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. ती फाइल म्हणजे प्रत्येक पानाचा फोटो. जुन्या पुस्तकांच्या बऱ्याच फायली जेपीईजी २००० सारख्या पद्धतीने दाबलेल्या असतात, आकार लहान पण उघडायला प्रोसेसरला घाम. पान सरकवलं की आधी धूसर, मग हळूहळू साफ. स्वस्त टॅबवर हे फार जाणवतं.

आणि एक सांगतो, खोक्यावर "४+४ = ८ जीबी" असं चिकटवलेलं असतं त्याला भुलू नका. ते वरचे ४ म्हणजे स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरणं. स्वस्त टॅबमध्ये बहुतेक वेळा ईएमएमसी जातीचं स्टोरेज असतं. ते महागड्या टॅबमधल्या यूएफएस जातीच्या स्टोरेजपेक्षा हळू, आणि खऱ्या रॅमच्या तर आसपासही नाही. गिऱ्हाईक दुकानातून ८ जीबी समजून नेतं आणि माझ्याकडे येऊन भांडतं.

भडंग:

२०११ चा 'आकाश' टॅब आठवतोय का कुणाला? सात इंची, २५६ एमबी रॅम, आणि ती रेझिस्टिव्ह स्क्रीन, बोटाने दाबावी लागायची. केवढा गाजावाजा झाला होता. आमच्या पिढीचं टॅबवरून मन उडालं ते तिथेच.

स्वाती मिरज:

विश्रामबागी, तुमची क्राउन पुस्तकं ठीक आहेत. पण टॅब घेणाऱ्यांत निम्मे तरी मुलांसाठी घेतात, आणि तिथे तुमचं गणित उलटं पडतं. माझी मुलगी अकरावी सायन्सला, जेईईची तयारी. क्लासच्या नोट्स म्हणजे ए-फोर पानं, २१ सेंमी रुंद. तुमच्याच ११.३ सेंमीवर ते पान आलं की ५४ टक्के झालं. १२ पॉइंटचं अक्षर साडेसहाचं. त्यात घातांक आणि सबस्क्रिप्ट किती उरले, विचारा तिच्या डोळ्यांना. ११ इंचीची रुंदी १४.८ सेंमी, तिथे ७० टक्के. तेही फार नाही, पण वाचता येतं.

विश्रामबागी:

आडवा धरा की. १९ सेंमी रुंदी मिळते, म्हणजे ए-फोर पान ९० टक्के.

स्वाती मिरज:

आडवा धरल्यावर पानाचा वरचा चाळीसेक टक्के भाग दिसतो. फिजिक्समध्ये आकृती वर, प्रश्न खाली, पर्याय त्याच्याही खाली. मुलगी वर जाते, कोनाची खूण बघते, खाली येते, विसरते, परत वर जाते. मी शेजारी बसून हे पाहिलंय, जाऊबाईंचा आठ इंची टॅब आणला होता चार दिवस. शेवटी तिने आकृती वहीत काढून घेतली आणि मग प्रश्न सोडवला. टॅब कशाला मग?

आणि लिहिण्याचं काय? स्वस्त लहान टॅबच्या स्क्रीनला पेनाची वेगळी जाणीव नसते. बाजारात ते रबरी टोकाचे पेन मिळतात, त्याने लिहिताना तळहात टेकला की रेघ उठते. पेनाने लिहायचं असेल तर त्यासाठी बनवलेलाच टॅब हवा, सॅमसंगच्या एस६ लाइटसारखा, ज्यात पेन खोक्यातच येतं. मला तर वाटतं, लहान टॅब ही मधल्यामधली वस्तू आहे. फोनने भागत नाही, वहीची जागा घेता येत नाही.

शेजारच्या मुलाला महाज्योती या सरकारी संस्थेकडून टॅब मिळाला, त्याने तो लेक्चर बघायला वापरला आणि गणितं वहीतच सोडवली. त्याच्या आईला काही पैसे पडले नाहीत म्हणून चाललं. मला पडणार आहेत.

तासगावचा बागायतदार:

आमच्या बागेत टॅब चालत नाही, लहान असो वा मोठा. भर उन्हात स्वस्त टॅबचा पडदा आरसा होतो, आपलंच तोंड दिसतं. फवारणीची नोंद करायला फोन बरा, खिशात बसतोय. बेदाण्याच्या सौद्याला जाताना बी फोनच. टॅब घरात शोभतो. पण एक हाय, पोरगं व्हिडिओ बघायला फोन मागत नाही, तेवढं सुख लई मोठं.

वाईकर काका:

मी वाईचा, आता साताऱ्यात मुलाकडे असतो. वय सत्तरीच्या पुढे. स्वातीताई, तुमचं म्हणणं विद्यार्थ्यापुरतं खरं आहे. पण आमच्या वयाला मोठी स्क्रीन हवी असं सरसकट सांगतात, ते मला पटलेलं नाही.

वर्तमानपत्राचं घ्या. मुलगा म्हणाला, ई-पेपर वाचायला ११ इंची घेऊ. छापील पान अर्ध्या मीटरहून उंच. ते ११ इंचावर पूर्ण दिसलं काय आणि ८.७ वर दिसलं काय, मथळ्यांपलीकडे काहीच वाचता येत नाही. दोन्हीकडे बोटांनी मोठं करूनच वाचावं लागतं. मग हलका काय वाईट?

आणि मराठी विश्वकोश. आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशांनी जे काम उभं केलं ते आता जाळ्यावर फुकट वाचता येतं. तिथे मजकूर स्क्रीनच्या मापाने आपोआप बसतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. अशा वाचनाला स्क्रीनचा आकार गौण. फोटोसारखं गोठलेलं पान असेल तरच आकाराचा प्रश्न येतो. इथे सगळे एकमेकांना उत्तरं देताहेत, पण कुणी गोठलेल्या पानाबद्दल बोलतंय, कुणी वाहत्या मजकुराबद्दल.

मी अंथरुणात उताणा पडून वाचतो. मुलाचा अकरा इंची एकदा झोपेत नाकावर पडला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे.

भडंग:

काका 😂 नाकाचं स्पेसिफिकेशन कुणी लिहीत नाही.

सदरबझार:

कुणी जुन्याचा विचार का करत नाही? नव्या लहान टॅबच्या पैशात दोन-तीन वर्षं वापरलेला चांगला मोठा टॅब मिळतो. स्क्रीन सरस, प्रोसेसर सरस, स्पीकर तर विचारूच नका. नवीन म्हणून हलका माल घेण्यापेक्षा जुना भारी माल कधीही बरा. मी तरी तेच करतो.

कुपवाड रिपेअर:

करा, पण बघून करा. जुन्या टॅबची बॅटरी थकलेली असते आणि ती आत चिकटवलेली, बदलायला स्क्रीन उचकटावी लागते. सगळ्याच मॉडेलची अस्सल बॅटरी सांगलीत मिळेल असंही नाही. दुसरं, विकणाऱ्याने आपलं गुगल खातं काढलंय का ते समोर बसून बघा. खातं न काढता टॅब रीसेट केला असेल तर चालू करताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो. असे टॅब घेऊन लोक माझ्याकडे येतात, मी बिल मागतो, बिल नसतं. मग मी हात लावत नाही. तिसरं, सुरक्षा अपडेट संपले असतील तर बँकेचं ॲप त्यावर ठेवू नका.

सदरबझार:

हे तिन्ही बघायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी नवा रद्दी माल घ्यायचा हे काही पटत नाही.

कुपवाड रिपेअर:

नवा म्हणजे रद्दीच असं कोण म्हणालं? धागाकर्त्यांनी निवडलेली जोडी वाईट नाही. २०२१ चा ए७ लाइटसुद्धा ८.७ इंचीच होता, पण त्यात हेलिओ पी२२टी प्रोसेसर, म्हणजे आठही कोअर ए५३ या हळू जातीचे, आणि रॅम ३ जीबीपासून. ए९ मध्ये हेलिओ जी९९ आहे, त्यात दोन कोअर ए७६ या वेगवान जातीचे. काम करताना फरक लगेच कळतो. बाहेरून मात्र दोन्ही जवळपास सारखे दिसतात, म्हणून जुना माल खपवणारे खपवतात. माझं म्हणणं एवढंच, लहान घ्या, पण ए९ चा ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेजवाला घ्या. थोडे जास्त पडतील. मेमरी कार्ड घालून स्टोरेज वाढवता येतं, रॅम नाही वाढवता येत.

विश्रामबागी:

हे मान्य. स्क्रीनवर मी ठाम आहे, रॅमवर तुमचं घेतो. विंगेतला तो फोनवाला प्रसंग वाचून अंगावर काटा आला. तसाही प्रयोगाच्या वेळी एअरप्लेन मोड लावणारच, तरी.

स्वातीताई, तुमच्या मुलीसाठी मी लहान टॅब सुचवणार नाही. पण "मधल्यामधली वस्तू" हे मला मान्य नाही. वाचणाऱ्याला वही नको असते.

स्वाती मिरज:

वाचणारे किती उरलेत ते सांगा. तुमच्यासारखा माणूस घरात एक, आणि टॅब वापरणारे चार. तुम्ही घेतलात तरी महिन्याभरात तो मुलांच्या हातात जाणार आणि मग लहान पडणार. घरासाठी घ्यायची वस्तू एकट्याच्या मापाने घेऊ नये, असं मला वाटतं.

विश्रामबागी:

पॅटर्न लॉक लावतो.

तासगावचा बागायतदार:

पोरं लॉक दोन दिवसांत काढत्यात, गड्या.

सदरबझार:

८ जीबीवाला सांगलीत मिळतोय का पण? मी साताऱ्यात पोवई नाक्याकडे विचारलं, दुकानात ४ जीबीवालाच होता. ८ वाला मागवून देतो म्हणाले, आगाऊ रक्कम मागितली.

कुपवाड रिपेअर:

आगाऊ देऊ नका. आल्यावर खोक्याच्या बाजूचं स्टिकर वाचा, टॅब चालू करा, सेटिंगमध्ये जाऊन रॅम किती दाखवतोय ते बघा आणि मगच पैसे. तिथे "४+४" दिसलं तर टॅब परत खोक्यात. बिलावर मॉडेल नंबर आणि आयएमईआय किंवा सिरीयल नंबर लिहून घ्या, नुसतं "टॅब १ नग" असं बिल वॉरंटीला चालत नाही.