अनित्यतेचा सराव : नेमकं काय करता?

‘सगळं क्षणभंगुर’ हे दशक्रियेच्या प्रवचनात पटतं आणि घाटावरून घरी येईस्तोवर विरतं. म्हणून कुठल्या दर्शनातली कोणती कृती करता, किती वेळ आणि कुठं फसतं, तेवढंच लिहा.

कराड
विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहण्याची बौद्ध ध्यानपद्धत. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस निव्वळ आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचं. गुडघा ठणकला की लगेच मांडी बदलू नका, ठणक्याच्या कडा शोधा : कुठं टोचतंय, कुठं नुसतं गरम लागतंय. कडा सरकत असतात, अनित्य म्हणतात ते हेच. फसतं कुठं? दुखणं जावं म्हणून बघत बसलं की. ती तृष्णाच, फक्त पद्मासनात बसलेली.

सांगली, नदीकाठ
‘हे जाणारं आहे’ असं स्वतःला बजावताना स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा क्रम पाळावा : आधी आवडतं मडकं, माणसं नंतर. उत्साही लोक थेट पोराबाळांपासून सुरुवात करतात आणि झोप घालवून बसतात. मे महिन्यात तळमजल्यावरच्या दहा वस्तू एकेक हातात घ्या, ‘हे भिजणारं आहे’ म्हणा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. कल्पनेला फार ताण द्यावा लागत नाही. मात्र म्हणून झाल्यावर कागदपत्रं आणि हळदीची पोती माडीवर चढवायचीच. जे हातात आहे ते न करणं हे स्टोइकांना मान्य नाही.
आणि ज्या घरी सुतक आहे तिथं यातलं अक्षरही काढू नका. पिठलं-भाकरी पोचवा.

सातारा
गीता 2.14, ‘आगमापायिनोऽनित्याः’ : सुखदुःखं येतात-जातात, टिकत नाहीत. श्लोकात सुखही आहे, आपण तो फक्त दुःखाला लावतो. सराव सुखावरच सोपा. कंदी पेढा तोंडात टाका, चव जिभेवरून नेमकी कधी गेली ते पकडा. बहुतेकांचा हात त्याआधीच दुसऱ्या पेढ्याकडे गेलेला असतो.

वाई
योगसूत्र 2.5 : अनित्याला नित्य समजणं ही अविद्या. रोज रात्री दिवसभराचं पाच ओळींत लिहा. ‘कायम’, ‘नेहमी’, ‘कधीच’ या शब्दांखाली रेघ मारा. भांडण झालेल्या दिवशी रेघा वाढतात.

मिरज
कराडकर, तासभर बसणं जमत नाही. वीस मिनिटं चालतील का?

कराड
सुरुवातीला चालतील, वेळ आणि जागा मोडू नका. भिंतीला टेकलात तरी हरकत नाही. आडवं मात्र होऊ नका, घोरायला लागाल.