कार्टून कोणतं यापेक्षा त्याचा वेग बघा

'कार्टूननं पोरं बिघडतात' असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं. खरा घोळ वेगाचा. २०११ साली अमेरिकेत चार वर्षांच्या ६० मुलांवर प्रयोग झाला. सरासरी ११ सेकंदांना दृश्य बदलणारं कार्टून फक्त ९ मिनिटं पाहिलेली मुलं लगेच दिलेल्या लक्ष-संयमाच्या कामांत, चित्र काढत बसलेल्या मुलांच्या मागे पडली. (परिणाम किती टिकतो, हे त्यात तपासलं नव्हतं.)

कापूस वेचणीत मायबाप वावरात अन् मोबाइल पोराच्या हाती, मग ऑटोप्ले संपतच नाही. यूट्यूब किड्समध्ये खालच्या कोपऱ्यातल्या कुलपावर दाबून २० मिनिटांचा टायमर लावा, सर्च बंद करा. त्याहून सोपं म्हणजे दोन-तीन संथ मराठी गोष्टी डाउनलोड करून डेटाच बंद ठेवा. दोन वर्षांखालच्याला स्क्रीन नकोच; दोन ते पाचला दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही जेवताना नाही.