उतारावर कॅरॅव्हॅनचे ब्रेक : पाय न लावताही तापतात

कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचा राहण्याचा डबा) घेऊन लांब उतार कसा उतरायचा, या इथल्या चर्चेत 'ब्रेकवर हलका पाय ठेवून सावकाश उतरायचं' असा सल्ला कुणीतरी दिलाय. तो एकट्या गाडीला एकवेळ चालेल, मागे कॅरॅव्हॅन असताना अजिबात नको. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि नेमका खालच्या वळणांवर दगा देतो. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, वेग वाढला की ब्रेक ठाम दाबून पूर्ण सोडायचा, हे बाकीच्यांनी लिहिलंय ते बरोबरच.

पण कॅरॅव्हॅनच्या स्वतःच्या ब्रेकबद्दल, म्हणजे ओव्हररन ब्रेकबद्दल, कुणी बोललं नाही. हे ब्रेक तुमच्या पेडलशी जोडलेले नसतात. मागचा डबा पुढच्या गाडीवर रेटला गेला की हुकाजवळचा दांडा आत सरकतो आणि डब्याचे ब्रेक लागतात. म्हणजे तुम्ही नुसत्या गिअरवर उतरत असलात, पेडलला पायही लावला नसला, तरी डबा रेटतोच आहे आणि त्याचे ब्रेक घासताहेतच. मला हे कळलं ते वासावरून. गाडीचे ब्रेक ठणठणीत म्हणून मी निर्धास्त. सहज थांबून मागे गेलो तर कॅरॅव्हॅनच्या चाकांतून जळका वास, आणि रिमजवळ हात नेववेना!

तेव्हापासून लांब उतारावर रुंद जागा दिसली की थांबतो, चाकांना ठोकळे लावतो आणि ब्रेक निवू देतो. मागे साचलेली रांगही तेवढ्यात पुढे निघून जाते, शिव्या जरा कमी बसतात.