मदत हवी आहे: बंदिस्त बोस वायूतलं कॅसिमिर बल जुळत नाही

भुईकोट (सोलापूर):
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी दोन समांतर भिंतींमधल्या आदर्श बोस वायूचं (एकमेकांवर बल न लावणाऱ्या बोसॉन कणांच्या वायूचं) गणित पायथनमध्ये करतोय. भिंतींमुळे वायूच्या तरंगांवर मर्यादा येते आणि त्यातून भिंतींवर जे बल येतं, ते कॅसिमिर बल काढायचंय. भिंतींवर तरंगफल (कणाची क्वांटम अवस्था सांगणारं फलन) शून्य, फ्युगॅसिटी (रासायनिक विभवाचं माप) १. ल म्हणजे भिंतींमधलं अंतर भागिले औष्णिक तरंगलांबी (तापमानावरून ठरणारी कणांची तरंगलांबी); सध्या ल = २०. प्रत्येक न साठी (न म्हणजे भिंतींमधल्या उभ्या तरंगाचा क्रमांक) e चा घातांक −πन²/४ल² घेऊन त्याचं डायलॉग (डायलॉगॅरिदम हे फलन) काढतो, न = १ ते ५० बेरीज करतो आणि १.३४१ × ल वजा करतो. उरलेलं ल² च्या व्यस्त प्रमाणात उतरायला हवं. तसं होत नाही, वर चिन्हही उलटं. कुठं चुकतंय कळेना.

शून्यअंश:
सूत्र बरोबर आहे. अडचण अशी की तुम्हाला हवं ते पद फार बारीक आहे. बेरजेत बल्कचे (वायूच्या आतल्या भागाचे, तुमचं १.३४१ × ल) २६.८३, भिंतींचे −०.८२२ (रीमानच्या झीटा फलनाच्या झीटा(२) चं निम्मं) आणि कॅसिमिरचे फक्त ०.०००१२ असतात. भिंतींचं पद काढलंच नाहीत, म्हणून चिन्ह उलटलं. बल काढताना, म्हणजे ऊर्जा अंतरानुसार किती बदलते ते काढताना, ते आपोआप जातं, कारण त्यात अंतर नाही. ऊर्जेच्या आलेखात मात्र तेच सगळं झाकून टाकतं.

१.३४१ नको, १.३४१४८७२५७ घ्या. एवढ्याशा तोडीने ०.००९७ ची चूक येते, म्हणजे उत्तराच्या ऐंशी पट! न = ५० ला थांबल्याने आणखी ०.०३ गळतात. ल च्या सातपट तरी जा, इथे १५० पर्यंत. डायलॉगची मालिका हाताने बेरजू नका, लहान न ला ती फार सावकाश जुळते. सायपायचं (पायथनच्या गणिती लायब्ररीचं) स्पेन्स वापरा, ते डायलॉग काढून देतं. त्याला 'एक वजा चल' द्यावं लागतं, आणि ती वजाबाकी एक्सपीएम१ ने (घातांकी फलन वजा एक अचूक काढणाऱ्या फंक्शनने) करा.

पडताळा: कॅसिमिरचं पद झीटा(३)/८πल² यायला हवं. ल = १० ला ०.०००४७८, २० ला ०.०००१२०.

भुईकोट:
जुळलं, आभार! फ्युगॅसिटी ०.९९९ केली तर?

तरंगलांबी:
ल = २० ला उत्तर आधीच्या ५ टक्क्यांवर येईल. सहसंबंध-लांबी (वायूतला एका जागचा परिणाम जिथवर पोचतो ते अंतर) भिंतींच्या अंतरापेक्षा आखूड होते आणि बल घातांकी वेगाने विरतं. बल्क आणि भिंतींची पदंही त्याच फ्युगॅसिटीला काढा, १ ची वापरू नका. आणि गार्सिया-चॅन यांच्या १९९९ च्या हेलियम-थराच्या मोजमापावर हा आलेख ठेवू नका: हेलियमचे अणू एकमेकांवर बल लावतात, त्यामुळे त्याचं क्रांतिक वर्तन (अवस्था बदलण्याच्या बिंदूजवळचं वागणं) आदर्श वायूपेक्षा वेगळ्या वर्गातलं.