‘इरप्शन’ आजही टिकतं का? टॅपिंग, टोन आणि उजवा हात

सहातारी (धागाकर्ता)

गिटारवादक एडी व्हॅन हेलनचं ‘इरप्शन’ १९७८ साली ‘व्हॅन हेलन’ बँडच्या पहिल्या अल्बमवर आलं. जेमतेम १ मिनिट ४२ सेकंदांचं सोलो वादन. तेव्हा ते ऐकून गिटारवाल्यांची झोप उडाली होती. आज तेच टॅपिंग (उजव्या हाताचं बोट फ्रेटवर आपटून स्वर काढणं) शाळकरी मुलं मोबाइलवर बघून शिकतात, मूळापेक्षा जलदही वाजवतात. मग नवलाई वजा केली तर संगीत म्हणून त्यात काय उरतं?

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. नोट्स बरोबर आणि वेग बरोबर असूनही टॅपिंगचा भाग गढूळ ऐकू येतो. हमबकर पिकअप, ९-४२ जाडीच्या पातळ तारा, स्टँडर्ड ट्यूनिंग, मल्टी-इफेक्टमधला हाय-गेन (खूप डिस्टॉर्शनचा) प्रीसेट. चुकतंय कुठे? जाणकारांनी सांगावं.

---

मंद्रसप्तक

नवलाईवर ते उभंच नव्हतं. ‘जेनेसिस’ बँडचा गिटारवादक स्टीव्ह हॅकेट १९७१ मध्येच टॅपिंग करत होता. एडीने ते सोलोच्या मध्यभागी आणलं आणि त्यातून स्वरसंगती पुढे सरकवली.

बी तारेवरचा सुरुवातीचा आकार बघा. उजव्या हाताने ९ व्या फ्रेटवर टॅप, तिथून पुल-ऑफ (बोट तारेवरून काढून स्वर वाजवणं) करून २ रा, मग हॅमर (डावं बोट तारेवर आपटणं) करून ५ वा. हा झाला सी शार्प मायनर. पुढच्या आकारात डावा हात जागचा हलत नाही, फक्त टॅप ९ वरून १० वर जातो आणि ए मेजर होतो. एक स्वर अर्ध्या सुराने सरकला आणि रंग पालटला. चांगला संवादिनीवादक बोटं कमीत कमी हलवून कॉर्ड बदलतो, तसंच हे. वेगाची स्पर्धा करणाऱ्या क्लिपांमध्ये नेमकं हेच हरवतं. तिथे आकार बदलतात, पण कुठून कुठे चाललोय याचा पत्ता लागत नाही.

आणि टॅपिंग येण्याआधीचा भाग जास्त वेळा ऐका. त्यात क्रॉइट्झरच्या व्हायोलिनच्या २ ऱ्या सरावधड्याचा तुकडा ट्रेमोलो पिकिंगने (एकेक स्वर पिकने भराभर छेडत) येतो. तो वाजवताना उजवं मनगट सैल नसेल तर चार मात्रांत हात भरून येतो. माझ्या मते सगळ्यात टिकाऊ भाग तोच.

गढूळपणाबद्दल: तिस्र जाती धरा, टॅप बरोबर मात्रेवर. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला तीन स्वर. बहुतेकांचा पुल-ऑफ दुबळा असतो. बोट नुसतं उचललं तर २ ऱ्या फ्रेटचा स्वर टॅपपेक्षा निम्म्या आवाजात येतो. बोट काढताना तार किंचित बाजूला ओढून सोडायची. तिन्ही स्वर एकाच वजनाचे होईपर्यंत डिस्टॉर्शन बंद ठेवा, कारण ते हा फरक दाबून टाकतं आणि चूक कानाला कळतच नाही. ६० वर साफ आलं की ४-४ ने चढवा.

---

जुना_मार्शल

वरच्याशी पूर्ण सहमत. टोनचं मी सांगतो.

पहिली गोष्ट, ट्यूनिंग. रेकॉर्डवर गिटार अर्धा सूर खाली आहे, म्हणजे ई-फ्लॅट, आणि त्याहूनही किंचित उतरलेली. ट्यूनरचा हिरवा दिवा बघून नाही, रेकॉर्डला कान लावून मिळवा. तारा सैल पडल्या की टॅप आणि पुल-ऑफ दोन्ही सोपे होतात.

दुसरी, गेन. त्या काळच्या १०० वॉटच्या मार्शल सुपर लीड अँपला वेगळा गेन नॉबच नव्हता. सगळं पूर्ण उघडलं की ट्यूब स्वतः कुरकुरतात. हाय-गेन प्रीसेटमध्ये प्री-अँपची विकृती त्याच्या कितीतरी पट असते, म्हणून तुमचे स्वर एकमेकांत मिसळतात. ‘प्लेक्सी’ (त्या जुन्या मार्शलची नक्कल) मॉडेल घ्या, गेन निम्म्यावर, त्यापुढे हलका एको. फेज ९० (फेझर पेडल) अँपच्या आधी, नॉब ९ ते १० वाजताच्या जागी. नवीन फेज ९० जास्त ‘घशातून’ वाजतो, कारण त्यात फीडबॅकचा रेझिस्टर आहे. सोल्डरिंग जमत असेल तर तो आर२८ काढून टाका, जुन्यासारखा मऊ होतो.

तिसरी, बाकीच्या तारांची कुजबूज. वरच्या जाड तारा उजव्या तळव्याने, खालची पातळ तार डाव्या तर्जनीच्या पोटाने दाबून ठेवायची. पहिल्या फ्रेटवर कापडी पट्टी बांधायचा हल्लीचा उपाय इथे अडचणीचा आहे. सुरुवातीचा ए कॉर्ड मोकळ्या तारेवर आहे, तोच मरतो.

पिकचं काय करायचं, हा प्रश्न नेहमी येतो. एडी पिक अंगठा आणि मधल्या बोटात धरायचा, म्हणून तर्जनी टॅपला कायम मोकळी. तुम्ही अंगठा-तर्जनीत धरत असाल तर मधल्या बोटाने टॅप करा. मधेच पकड बदलायला जाल तर लय तुटेल.

---

गंधार_शुद्ध

थोडा वेगळा सूर लावतो. टॅपिंग मला आज जुनं वाटतं. ऐंशीच्या दशकात इतक्या लोकांनी त्याची इतकी नक्कल केली की मूळ ऐकतानाही त्या नकला आठवतात. यात एडीचा दोष नाही, पण परिणाम तोच. जे अजिबात जुनं झालं नाही ते त्याचं ऱ्हिदम वादन.

पहिल्या अल्बमवर गिटार बहुतांशी डावीकडे कोरडी आहे आणि तिचा रिव्हर्ब उजवीकडे. फक्त डावा इअरफोन कानात घाला. उजवा हात नागडा ऐकू येतो: कुठे तळवा टेकवला, कुठे उचलला, ठोक्याच्या किती मागे राहिला. फोनच्या एका स्पीकरवर यातलं काही कळत नाही.

आणखी एक. तो बी तार किंचित उतरवायचा. आपल्याकडे हार्मोनियमच्या गंधाराबद्दल जी तक्रार आहे, तीच इथे. समान विभागणीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. स्वच्छ आवाजात खपून जातो, डिस्टॉर्शनमध्ये मात्र थरथर ऐकू येते. तार उतरवली की जी आणि बी तारांमधला मेजर थर्ड (षड्ज-गंधाराचं अंतर) शांत होतो.

---

सहातारी

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. एडी व्हेरिअॅक (अँपला मिळणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावायचा म्हणतात, घरी ट्यूब अँपवर लावावा का? आणि बी तार नक्की किती उतरवायची?

---

जुना_मार्शल

व्हेरिअॅक लावू नका. एडी अमेरिकेतलं १२० व्होल्ट साधारण ९० पर्यंत उतरवायचा. व्होल्टेज वाढवायचा, ही अफवा खूप पसरली आणि ती अँप जाळणारी आहे. आपल्या २३० व्होल्टला तेच प्रमाण लावलं तर १७२ च्या आसपास येतं, आणि मग ६.३ व्होल्टचा हीटर ४.७ वर राहतो. असं फार काळ चाललं तर ट्यूबचा कॅथोड खराब होतो. आवाज कमी ठेवून अँप पूर्ण उघडायचा असेल तर स्पीकरआधी अटेन्युएटर (अँपची ताकद शोषून घेणारा डबा) लावा, त्याचा ओहमचा आकडा अँपशी जुळवून. मल्टी-इफेक्टवर तर व्हेरिअॅकचा उपयोगच नाही. त्याचा पुरवठा व्होल्टेज स्वतः सांभाळतो, फार उतरवलंत तर फक्त बंद पडेल.

---

गंधार_शुद्ध

पूर्ण १४ नको. ६ ते ८ सेंट उतरवा. ए आकाराच्या कॉर्डमध्ये थर्ड बी तारेवर येतो, तिथे लगेच गोड लागेल. ई आकारात त्याच तारेवर पंचम असतो, तो थोडा बिघडेल. तिथे बी तार न छेडता जाड तीन-चार तारांवरच राहा. डी आकारात मात्र षड्जच बी तारेवर आहे. गाण्यात तो आकार सारखा येत असेल तर तार परत वर घ्या.