आईला न्यूमोनिया निघालाय, घरी उपचार की अ‍ॅडमिट? लवकर सल्ला हवा

रानजाई:
आईचं वय 68, मधुमेह आहे. चार दिवस खोकला, अंगात कसकस, ताप मात्र 99 च्या वर गेला नाही. आज सकाळी तिने मला विचारलं, "शाळेत नाही गेलीस?" मी 41 वर्षांची आहे. अर्ध्या तासाने पुन्हा तेच विचारलं. डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रेत उजवीकडे खाली पॅच निघाला. ऑक्सिजन 94. डॉक्टर अ‍ॅडमिट करा म्हणतात. भाऊ म्हणतो, ताप नाही, चालतीफिरती आहे, अँटिबायोटिक घरीच देऊ. या वयात घरी निभावलंय का कुणी? काय बघून ठरवायचं?

ओवीबंध:
रानजाई, आजच अ‍ॅडमिट करा, पुढचं नंतर वाचा. मी छातीच्या वॉर्डात 19 वर्षं सिस्टर आहे. तुमची पोस्ट वाचताना मी ऑक्सिजनच्या आकड्यापाशी नाही थांबले, "शाळेत नाही गेलीस?" इथे थांबले. म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियात ताप चढेलच असं नसतं. कधीकधी जेवण तुटतं, तोल जातो किंवा बोलणं असंबद्ध होतं, एवढंच दिसतं. त्यामुळे ताप नाही यावर भावाने निश्चिंत होऊ नये.

घरी की दवाखान्यात हे ठरवायला डॉक्टर पाच गोष्टी बघतात: बोलण्यात गोंधळ, रक्तातला युरिया वाढलेला, श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त, बीपी वरचा 90 च्या खाली किंवा खालचा 60 पर्यंत उतरलेला, आणि वय 65 किंवा पुढे. प्रत्येकाला एक गुण. शून्य किंवा एक असेल तर बहुतेकांना घरी गोळ्या चालतात. दोन झाले की दाखल करण्याचा विचार होतो, तीन म्हणजे गंभीर. तुमच्या आईचे वय आणि गोंधळ मिळून दोन इथेच झाले, शिवाय मधुमेह आहे.

श्वास मोजायला शिकून घ्या. ती पडलेली असताना पांघरुणावर, पोटाच्या वरच्या बाजूला, हलका हात ठेवा आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तिला सांगू नका, कळलं की माणूस श्वास बदलतो. मोठ्या माणसाचे शांत असताना साधारण 12 ते 20 असतात. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नको, नखाला रंग नको. 94 चा 91 झाला तर सकाळची वाट बघू नका.

थुंकी तपासायला मागतील. डबीत नुसती लाळ गेली तर उपयोग नाही, चूळ भरून खोल खोकून छातीतला बेडका यायला हवा. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी डोस लांबवायचा नाही. सुरुवातीला औषध शिरेतून देतात, सुधारलं की गोळ्यांवर आणतात. सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही, एक्स-रेत चित्र स्पष्ट असेल तर तुम्ही होऊन मागू नका. तिच्या रोजच्या गोळ्या पिशवीसकट न्या आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. आजारपणात साखर चढते, तेव्हा ती मोजली जातेय ना, हेही विचारत राहा.

दूरचा_पल्ला:
ओवीबंधताईंशी पूर्ण सहमत. माझ्या बाबांचा घरी निभावला, पण ते 59 चे होते, शुद्धीत होते, श्वास 20. तरी आम्ही दोन चुका केल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांनी किमान पाच दिवस सांगितल्या होत्या. पुन्हा सुरू कराव्या लागल्या. आणि आठव्या दिवशी हौसेने एक्स-रे काढला, पॅच तसाच, घरात रडारड. माणूस बरा होतो आणि फिल्म मागे राहते, सावली जायला सहा आठवडेही लागतात. बाबांना तेव्हा पुन्हा काढायला सांगितलं होतं, कारण पन्नाशीनंतर, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांत, डागाआड गाठ नाही ना, हे बघायचं असतं.

थकवा मात्र फार पुरला. खोकला दीड महिन्यात ओसरला, पण जिना चढायला पहिल्यासारखा दम यायला तीन महिने गेले. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यांना "उठा, चाला" म्हणून इतका जाच केला नसता.

रानजाई:
दोघांचे मनापासून आभार. भावाला पोस्ट वाचून दाखवली, तो काही न बोलता गाडी काढायला गेला. रात्री वॉर्डात श्वास मोजले, 28 होते. आज चौथा दिवस. 20 वर आलेत. सकाळी तिने डोळे उघडून मला विचारलं, "तुला सुट्टी मिळाली का ऑफिसातून?" मी बाहेर जाऊन रडले.
पुन्हा होऊ नये म्हणून लस असते ना?

ओवीबंध:
किती बरं वाटलं वाचून! हो, न्यूमोकॉकसची लस असते. न्यूमोनियाच्या सगळ्या जंतूंना ती अडवत नाही, पण सर्वांत जास्त आढळणाऱ्या जिवाणूच्या बऱ्याच प्रकारांवर चालते. फ्लूची दरवर्षी घ्यायची, कारण फ्लूच्या मागोमाग न्यूमोनिया येतो. दोन्ही केव्हा द्यायच्या ते डिस्चार्जच्या कागदावर लिहूनच घ्या, आणि सहा आठवड्यांनी एक्स-रे हवा का, तेही.